तिरकी काडी

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, शेड नंबर बावीस.
टॉवेलांच्या खोक्यांवर पत्ते घालायचं काम माझं.
मी लिहायचो, लोड्झ, पोलंड.
एलच्या पोटातून गेलेली तिरकी काडी
छपाईतला डाग समजून गाळायचो.
अकरा वर्षं.

मग गेल्या हिवाळ्यात याद्विगाबाई आल्या माल बघायला.
साठी ओलांडलेली, गुडघे दुखरे.
खोक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, वूच.
म्हणजे होडी.
नदी तर नावालाच, गिरण्यांच्या पोटाखालून गाडलेली.
मी म्हटलं, आमच्या नावात सोळा गावं आहेत,
ती तरी कुणी मोजलीत?

शेंगाचटणीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं,
तरी अजून मागितली.
आणि बोलता बोलता समोरचा टॉवेल
तीन जागी दुमडला:
हा झार घेऊन गेला, हा प्रशियाचा राजा,
हा व्हिएन्नाचा बादशहा.
एकशेतेवीस वर्षं नकाशात आम्ही नव्हतो.
मी किनार बघत होतो, उसवते का.
नाही उसवली. शिलाई आमची होती.

त्यांचा पणजोबा रोमान
नवव्या वर्षापासून बॉबिनी भरायचा.
शाळा रशियन, शिपाई रशियन,
नाव लिहायचं तेही झारच्या अक्षरांत.
रात्री पडदे ओढून त्याची आई
ओट्यावर पीठ पसरायची,
त्यात बोटानं आपली अक्षरं गिरवून घ्यायची.
दार वाजलं की तळहातानं सपाट.
त्याच पिठाचा सकाळी पाव.
एकोणीसशे पाचला गिरण्या बंद पडल्या,
रस्त्यात गाड्या आडव्या घातल्या, घोडदळ आलं.
रोमान घरी परतला.
टोपी परतली नाही.

टोपी म्हटल्यावर मला राहवेना.
माझा पणजोबा, नरसय्या बिंगी, खड्डामागावरचा.
तीस सालच्या मे महिन्यात
साहेबलोक स्टेशनात जाऊन बसले
आणि तीन-चार दिवस गाव कुणाचंच नव्हतं,
म्हणजे आमचं होतं.
मग मार्शल लॉ. पांढऱ्या टोपीला तुरुंग.
सोजीर दारात उभे, नरसय्या खड्ड्यात,
टोपी पावडीखाली,
तो ठोकतोय खट्टक, खट्टक,
एक शब्द नाही, नुसतं धोतराचं पान विणतोय.
चार पुतळा चौकात त्याचा पुतळा नाही.
असायचं कारणही नाही. फाशी गेले ते वेगळे.
यानं टोपी लपवली, एवढंच.

बाईंनी विचारलं, घरी कुठली भाषा?
तेलुगू, म्हणालो.
आणि मुलगी?
मी टॉवेल मोजायला लागलो.
आई विड्या वळता वळता तेलुगूत बोलते,
मी मराठीत उत्तर देतो,
मुलगी मोबाईलमधून मान वर न काढता इंग्रजीत हं म्हणते.
आणि हे लिहितोय ते बघा, मराठीत,
आता स्वप्नंही हिच्यातच पडतात, तक्रार नाही.
पण दारात घोडा नव्हता.
पुसून टाक, असं कुणी म्हणालं नव्हतं.
पीठच कुणी पसरलं नाही.

बाई गेल्या. ऑर्डर चार हजार नगांची, निळी किनार.
आमचं सॉफ्टवेअर ती काडी घेत नाही,
तिच्या जागी रिकामा चौकोन छापतं.
म्हणून मी मार्करनं हातानं ओढतो,
प्रत्येक खोक्यावर.
मॅनेजर म्हणतो, बिंगी, वेळ जातो.
जातो.

परवा मुलगी डबा द्यायला आली,
म्हणाली, पप्पा, हे काय मध्येच?
होडी, म्हटलं.
मग थांबलो, आईला फोन लावला, विचारून घेतलं,
आणि पोरीला सांगितलं, पडव.
तिला पडवळ ऐकू आलं.
हसत हसत
दोनदा म्हणून बघितलं तिनं.